मुंबई ते टोकियो विमानाला नक्की किती तास? जाताना 12 आणि येताना सव्वासहा, हे कसं काय?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी, घरात तीन दिवस वाद चाललाय म्हणून शेवटी इथं विचारतोय. दादा-वहिनी टोकियोत असतात, नातू झालाय, त्यामुळं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईबाबांना पाठवायचं ठरतंय, परत येणार जूनच्या शेवटी. दादाने डायरेक्ट फ्लाईटचा स्क्रीनशॉट पाठवला. जाताना मुंबईहून रात्री 8 ला निघून नारिताला (टोकियोचा विमानतळ) दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला पोचणार, आणि येताना नारिताहून सकाळी सव्वाअकराला निघून त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला मुंबई.

आता आमचे बाबा इरिगेशनमधून रिटायर झालेत, कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागं हिशोब मांडला की अंतर 6,780 किमी, विमानाचा वेग 900, म्हणजे साडेसात तास. मग जाताना 12 तास कसे आणि येताना सव्वासहा कसे? त्यांचं ठाम मत आहे की जाताना मधे कुठंतरी उतरवणार आहेत आणि तिकिटावर सांगत नाहीत. आईचा वेगळाच प्रश्न, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, इतका वेळ बसवेल का. आणि आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे मुंबईपर्यंतच रात्रभराचा प्रवास, तो वेगळाच.

कुणी केलाय का हा प्रवास? व्हाया घेतलं तर स्वस्त पडतंय पण तो मार्ग लांबचा आहे का?

निशीकासाईकर

बाबांना सांगा कुठंही उतरवत नाहीत, घड्याळ बदलतं फक्त. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे, बारा महिने तेवढंच, इथं युरोप-अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ सरकवायचं प्रकरण नाही.

सोपी युक्ती, दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात लिहून काढा. नारिताचे सकाळचे 8 म्हणजे आपल्याकडं पहाटेचे साडेचार, तर रात्री 8 ते पहाटे साडेचार झाले साडेआठ तास. येताना नारिताचे सव्वाअकरा म्हणजे आपले पावणेआठ, तिथून संध्याकाळी साडेपाचपर्यंत पावणेदहा तास. हे खरे आकडे. मी आठ वर्षांत पंधरा-सोळा वेळा तरी ये-जा केली असेल, जाताना आठ-साडेआठ आणि येताना साडेनऊ ते दहा असंच असतं, दहा-वीस मिनिटं इकडं-तिकडं.

बाबांचा साडेसातचा हिशोब चुकलेला नाही पण, ते फक्त हवेतलं सरळ अंतर धरतायत. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो, आणि मुंबईत रात्री विमान गेटवरून निघून रनवेच्या रांगेत कधीकधी अर्धा तास डुलक्या काढत उभं असतं, तो पण त्यातच धरलेला.

पंचगंगा_काठ

हे पटलं त्यांना, पण लगेच पुढचा प्रश्न आला. ठीक आहे, घड्याळाचं कळलं, मग साडेआठ आणि पावणेदहा हा सव्वा तासाचा फरक कशाचा? रस्ता तोच, विमान तेच. टीव्हीवर पाकिस्तानची हद्द बंद असल्याचं ऐकलंय त्यांनी, त्याचा वळसा का म्हणतायत.

भूगोल_मास्तर

पाकिस्तान पश्चिमेला राहिला आणि तुमचं विमान निघालंय पूर्वेला, त्यामुळं ती हद्द बंद असो की उघडी, या प्रवासात काही फरक नाही. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना तो वळसा पडतो.

फरक वाऱ्याचा आहे. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचा एक पट्टा वाहत असतो, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, आणि जपानच्या डोक्यावर हा पट्टा जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो. हिवाळ्यात तिथं ताशी 300 किमीच्या वर वारं सहज जातं. जाताना ते पाठीवर, येताना तोंडावर. नदीत होडी घातल्यासारखं आहे, वल्ही तेवढीच मारायची पण प्रवाहाबरोबर गेलात की लवकर. तुमचे बाबा पाटबंधाऱ्यातले आहेत म्हणजे त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळेल.

यातली गंमत अशी की हा वारा आधी ओळखला एका जपानी माणसानेच, वासाबुरो ओइशी. 1920 च्या दशकात त्यांनी आत्ताच्या त्सुकुबाजवळ ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून सोडून वरचा वारा मोजला, आणि जगाला कळावं म्हणून 1926 मध्ये तो अहवाल छापला एस्पेरांतो भाषेत. सगळ्या जगाची भाषा म्हणून बनवलेली ही भाषा, पण वाचणारे किती, तर परदेशात कुणी फारसं लक्षच दिलं नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-29 विमानं जपानवर उंचावरून जायला लागली तेव्हा त्यांना हे वारं चांगलंच जाणवलं. मी वर्गात हे सांगितलं की पोरं विचारायची, सर मग इंग्लिशमध्ये का नाही लिहिलं 😄

आता अंतराचं. बाबांना नुसता आकडा देऊ नका, पृथ्वीगोल द्या. शेजारच्या कुठल्याही पोराकडं मिळेल. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरायचं, टोकियोवर दुसरं, ताणायचं. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ कलकत्त्याजवळून दक्षिण चीनमधून जाते, पण गोलावर ताणलेला दोरा वर सरकतो, जबलपूर, पाटणा, अरुणाचल, मग तिबेटचा पूर्व भाग, चीन ओलांडून पिवळा समुद्र आणि चक्क दक्षिण कोरियावरून टोकियोत उतरतो. 30 सेमी व्यासाचा गोल असेल तर दोरा साधारण 16 सेमी भरेल. पूर्ण घेर 94 सेमी म्हणजे 40 हजार किमी, पुढचं त्रैराशिक बाबांवर सोडतो.

चौतीस_सी

मास्तरांचा दोरा बरोबर आहे पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. कामासाठी वर्षातून चार-पाच वेळा जातो, समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून ठेवायची सवय आहे. मी गेलो त्या सगळ्या वेळी मार्ग साधारण कलकत्त्याच्या बाजूने बांगलादेश, म्यानमारचा वरचा भाग, मग युन्नानमधलं कुनमिंग, तिथून चीन आडवा कापून समुद्र, आणि क्युशूच्या बाजूनं जपानमध्ये शिरून टोकियो असाच होता. म्हणजे गंमत बघा, गोलावर बघून लोक म्हणतात सपाट नकाशा खोटा, आणि विमान बऱ्यापैकी त्या सपाट नकाशावरच्या रेघेजवळूनच जातं.

कारण तिबेट. विमानात काही बिघाड होऊन आतला हवेचा दाब गेला तर पायलटला पटकन 10 हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, कारण वरून जे पिवळे मास्क पडतात त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो, तासभर पुरत नाही. आणि तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर म्हणजे पावणेपंधरा हजार फूट उंच, खाली येणार कुठं? म्हणून त्याला बाजूला ठेवून जातात. वळसा फार मोठा नाही, 6,780 चे सात हजारांच्या आसपास होत असतील.

वाऱ्याचं तर स्क्रीनवर डोळ्यानं दिसतं. जानेवारीत जाताना चीन संपत आला की जमिनीच्या हिशोबानं वेग 1,100 च्या वर गेलेला बघितलाय, आणि त्याच आठवड्यात परत येताना जपान सोडल्यावर दोन तास आकडा 700 च्या वर सरकायला तयार नव्हता, शेजारचा माणूस म्हणाला यापेक्षा पुण्याची शिवनेरी बरी. जूनमध्ये वारं मंदावतं आणि पट्टा पण उत्तरेकडं सरकतो, त्यामुळं तुमचे आईबाबा परत येताना अर्धा तास लवकर उतरले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. एकाच फ्लाईटची वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलते, उन्हाळी आणि हिवाळी टाइमटेबल वेगळं असतं. म्हणून कुणी हिवाळ्यात गेलेल्यानं सांगितलेली वेळ तुमच्या तिकिटावर तशीच्या तशी दिसेल असं नाही.

जुना_खलाशी

डायरेक्टवरून आठवलं. 2007 मध्ये ऑल निप्पॉन या जपानी कंपनीनं मुंबई-नारिता मार्गावर बोईंग 737-700 लावलं होतं, म्हणजे आपण मुंबई-नागपूरला बसतो तेवढंच लहान विमान, जास्तीच्या इंधनाच्या टाक्या आणि मोजक्याच मोठ्या सीटा. कंपनीनं पाठवलेलं म्हणून बसलो, स्वतःच्या पैशानं बसलो नसतो. आता मोठं 787 असतं, आमच्या वेळी आत शिरल्यावर वाटलं डोमेस्टिकला चुकून चढलो की काय.

स्वस्तात_मस्त

व्हायाचं मी सांगतो कारण मी त्यात हात पोळून घेतलाय.

आधी अंतर. दिल्लीवरून गेलात तर दोन्ही तुकडे मिळून साधारण 7,050, हाँगकाँगवरून 7,230, बँकॉकवरून 7,680, सिंगापूरवरून जवळजवळ 9,280 किमी (सरळ रेषेतले, विमान थोडं जास्तच फिरणार). म्हणजे हाँगकाँग बऱ्यापैकी वाटेवरच आहे, साडेचारशे किमीच जास्त, पण सिंगापूर म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला जाताना गोव्याला चहा पिऊन येण्यासारखं. अडीच हजार किमी जास्त म्हणजे हवेतलेच तीन तास.

पण खरा वेळ किलोमीटरनं जात नाही हो, मधल्या थांब्यानं जातो. माझ्या तिकिटावर एकूण 16 तास होते, त्यातले हवेत साडेदहा, बाकी एका एअरपोर्टच्या कार्पेटवर. आणि त्याच्या आधीच्या वर्षी मी शहाणपणा करून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढली होती, मधे अडीच तास होते, म्हटलं भरपूर आहेत. पहिलं विमान तास उशिरा उतरलं, वेगळं तिकीट म्हणून सामान पुढं जाईना, इमिग्रेशन करून बाहेर या, पट्ट्यावरून बॅगा घ्या, परत वर चेक-इनला जा, आणि काउंटरपाशी पोचलो तर ती मुलगी कीबोर्डवरनं हात उचलून बसलेली. काउंटर बंद होऊन 4 मिनिटं झाली होती. चार. पुढचं तिकीट नव्यानं काढलं आणि जेवढे वाचवले होते त्याच्या दुप्पट घातले. एकाच तिकिटावर (एकच पीएनआर) दोन्ही फ्लाईट असतील तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी कंपनीची, आणि सामान सहसा थेट टोकियोला जातं. तसं असेल तर तुमच्यासारखा तरुण माणूस व्हाया गेला तरी चालेल.

पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंना व्हाया पाठवू नका, सरळ सांगतो. मधल्या एअरपोर्टवर एका गेटवरून दुसऱ्या गेटला चालतानाच तो गुडघा बोलायला लागेल.

निशीकासाईकर

+1. डायरेक्टच काढा, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, लाजू नका, त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि इमिग्रेशनला पण त्याचा फायदा होतो. नारिताला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्याची रांग कधी पंधरा मिनिटांची असते तर कधी तासाची.

अजून एक, नारिता म्हणजे टोकियो नव्हे. ते चिबात आहे, मध्य टोकियोपासून 60 किमीवर. एक्सप्रेस ट्रेननं टोकियो स्टेशन तासाभरावर, स्कायलायनर नावाच्या ट्रेननं टोकियोतलं निप्पोरी स्टेशन 40 मिनिटांच्या आत. दादा घ्यायला येणार असेलच पण उतरल्यापासून घरी पोचायला तीन तास धरा. दिल्लीवरून टोकियोच्या दुसऱ्या विमानतळाला, हानेदाला, जाणारं मिळालं तर ते गावातच आहे, पण मग परत दिल्लीचा वळसा आणि तिथला बदल, काकूंसाठी नको.

आजी_ऑनलाईन

अरे बाळा, मी वयाच्या 71 व्या वर्षी एकटी जाऊन आलेय, तेव्हा आईला म्हणावं घाबरू नको.

सीट आईला आयलची घे, ऑपरेशन झालेला पाय वाटेच्या बाजूला येईल अशी घे. डावा की उजवा ते आधी विचार, माझ्या लेकानं नुसतं आयल बघून घेतली आणि माझा दुखरा पाय आत राहिला, रात्रभर तो दुमडून बसले. दर तासा-दीड तासाला उठून स्वयंपाकघरापर्यंत, म्हणजे ते मागं जिथं हवाई सुंदऱ्या चहा करतात तिथपर्यंत, जाऊन यायचं. पायात घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून. पाणी मागत राहायचं, आत हवा इतकी कोरडी की माझ्या ओठाला दुसऱ्या दिवशी भेगा.

वडिलांना सांग खिडकीला पडदा नसतो त्या विमानात, ओढायला काही सापडत नाही. खाली एक बटण असतं, ते दाबलं की काच निळी निळी होत जाते. मी अर्धा तास ती काच नखानं खरवडत होते, शेवटी पलीकडच्या मुलानं हसत हसत दाखवलं.

आणि रात्र फार छोटी मिळते हे आधी सांगून ठेव. जेवण उरकून, भांडी-बिंडी नेऊन, जरा डोळा लागतोय तोवर माझ्या हातातल्या घड्याळात (ते मी बदललं नव्हतं) पावणेतीन वाजले होते आणि काचेच्या कडेनं तांबडं फुटलेलं! मला वाटलं घड्याळ बंद पडलं. आपण सूर्याकडंच पळत असतो ना, तो लवकर भेटतो. तेव्हा जेवणाची वाट न बघता घरून दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायची, निघायच्या आधी एअरपोर्टवरच खायची आणि चढलं की झोपायचं. शाकाहारी जेवण पाहिजे असेल तर किमान एक दिवस आधी कळवावं लागतं, तिथं जाऊन मागितलं तर मिळत नाही.

बीपीच्या गोळीचं साडेतीन तासांनी पुढंमागं होतं, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घे, माझं ऐकू नको.

निशीकासाईकर

आजींनी गोळ्यांचा विषय काढला म्हणून, जरा अवांतर पण महत्त्वाचं. जपानमध्ये डॉक्टरनं लिहून दिलेली औषधं एका महिन्यापुरतीच अशीच आणता येतात. हे तर जवळजवळ तीन महिने राहणार, म्हणजे आधी ऑनलाइन अर्ज करून युन्यू काकुनिन-शो नावाचा कागद घ्यावा लागेल, दादाला सांगा तो करेल. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, 10 टक्क्यांच्या वर असेल तर आणायलाच बंदी आहे. आणि नातवासाठी हापूसची पेटी वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका, ताजी फळं अशी बॅगेतून आणू देत नाहीत. दर एप्रिलला कुणाचा तरी बाबा नारिताच्या कस्टमला आंबा हातात घेऊन उभा असतो.

पंचगंगा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार, उशिरा लिहितोय कारण घरात प्रयोग चालू होते.

खालच्या मजल्यावरच्या पोराचा पृथ्वीगोल आणला, आईच्या गजऱ्याचा दोरा घेतला, बाबांनी मुंबईवर नख दाबून धरलं आणि टोकियोवर मला बोट ठेवायला लावलं. दोरा भरला 16 सेमीला अर्धा दोरा कमी. 16 भागिले 94 गुणिले 40 हजार, उत्तर आलं 6,808. बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "28 किलोमीटरचा फरक आहे, पण दोरा सुती आहे, ताणतो." त्यांच्या खात्यात एवढा फरक चालायचा म्हणे.

कोरियाचं मात्र त्यांना फारच आवडलंय, आल्यागेल्याला दोरा लावून दाखवतायत आणि वर चौतीस_सी यांचं तिबेटचं पण सांगतायत, स्वतःचंच असल्यासारखं. आंब्याचं आईला सांगितलं, ती रुसली आहे, आंबापोळी चालेल का विचारते.

तिकीट काल रात्री काढलं, डायरेक्टच. आईचा उजवा गुडघा, तेव्हा आजी, तुम्ही म्हणालात तसं वाट उजव्या हाताला येईल अशी सीट बघून घेतली. बाबांना शेजारची मधली दिली तर म्हणाले मला खिडकी पाहिजे, बटण दाबून बघायचंय. मग आईची आयल, मधे कुणीतरी परका माणूस, आणि बाबा खिडकीला, असं बसवलंय, आई म्हणाली आठ तास शांततेत जातील.

आता एकच राहिलंय. सात हजार किमीचं टोकियोचं तिकीट कन्फर्म आहे, आणि पावणेचारशे किमीच्या मुंबईला जायच्या रात्रीच्या गाडीचं वेटिंग 43 आहे. कोल्हापूरहून तीन तास आधी एअरपोर्टला पोचवणारा चांगला ड्रायव्हर कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.